पंचवीस किलोमीटरनंतर डोकं ठणकतं, मळमळतं: पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या धावपटूंची ही तक्रार नेहमीचीच. पहिले पंधरा-वीस किलोमीटर मजेत जातात. पंचविशी ओलांडली की डोकं जड होतं, पोटात डचमळायला लागतं, पाय उचलत नाहीत. घरी येऊन आंघोळ, जेवण, झोप झाली तरी संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतच राहतं. पुढच्या रविवारच्या लाँग रनला पुन्हा तेच. हा प्रश्न कुणी ग्रुपवर टाकला की पाच मिनिटांत उत्तरं येतात: पाणी वाढव, इलेक्ट्राल घे, नारळपाणी पी, मिठाच्या गोळ्या सुरू कर. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला द्यायला काही खर्च येत नाही, म्हणून तो सगळेच देतात. किती पाणी प्यायलास आणि धावून आल्यावर वजन किती भरलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

खरी अडचण अशी की पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि पाणी जास्त झालं तरी अगदी हेच होतं. उपाय मात्र एकमेकांच्या बरोबर उलटे. म्हणून अंदाजाने उपाय करू नका. आधी मोजा.

आधी वजनकाटा

साधा डिजिटल काटा चालेल, फक्त १०० ग्रॅमचा फरक त्यावर दिसायला हवा. पळायला निघण्याआधी लघवी करून या आणि कपडे काढून वजन करा. बाटलीत किती पाणी आहे ते मोजून घ्या. तास-सव्वा तास तुमच्या शर्यतीच्या वेगाने पळा. परत आल्यावर अंग नीट पुसा आणि पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. घामाने भिजलेला टी-शर्ट आणि मोजे यांचंच अर्धा किलो भरू शकतं, त्यामुळे ‘कपड्यांसकट केलं, थोडंसंच इकडेतिकडे’ म्हणून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. निघताना ७२.४ किलो, परतल्यावर ७१.१. वाटेत ४०० मिली पाणी प्यायलं, लघवीला जावं लागलं नाही. वजन घटलं १.३ किलो, म्हणजे साधारण १.३ लिटर. त्यात प्यायलेलं ०.४ लिटर मिळवलं की सव्वा तासात १.७ लिटर घाम गेला. तासाला सुमारे १.३५ लिटर. (मध्ये लघवीला थांबला असाल तर तेवढं वजा करा.)

हा आकडा माणसागणिक प्रचंड बदलतो. तासाला अर्धा लिटर घाम येणारे आहेत तसे दोन लिटरच्या पुढे जाणारेही आहेत. त्यामुळे शेजारी पळणाऱ्याची बाटली बघून आपली भरण्यात अर्थ नाही. हाच माणूस पुण्यात डिसेंबरच्या थंडीत वेगळा भरेल आणि ऑक्टोबरच्या उन्हात वेगळा. म्हणून मोजणी निदान दोन वेगळ्या हवामानांत करा आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहून ठेवा.

मग तुमच्या नेहमीच्या लाँग रनच्या दिवशी, जिथे त्रास होतो त्याच दिवशी, आधी आणि नंतर वजन करा. पुढचा रस्ता त्यावरून ठरेल.

वजन वाढलं असेल, किंवा आहे तेवढंच असेल

तीन-चार तास पळून वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. यात दुसरी शक्यता नाही. खरं तर वजन जसंच्या तसं राहणंसुद्धा जास्तच, कारण धावताना ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, जळतं आणि त्याच्यासोबतचं पाणीही सुटतं. त्यामुळे लाँग रननंतर थोडं वजन घटायलाच हवं.

यात सापडतात ते बहुतेक सावकाश पळणारे, लहान चणीचे, नियम पाळणारे लोक. समजा ५२ किलो वजनाची धावपटू साडेपाच तासांत फुल मॅरेथॉन करते. तिचा घाम तासाला अर्धा लिटर, म्हणजे एकूण पावणेतीन लिटर. ‘पाण्याचं एकही स्टेशन सोडू नकोस’ असं तिला सांगितलेलं असतं. स्टेशन दर अडीच किलोमीटरवर धरलं आणि प्रत्येक ठिकाणी २०० मिलीची बाटली संपवली तर सव्वातीन लिटर झाले. त्यात पहाटे ‘शरीर भरून घ्यावं’ म्हणून प्यायलेलं लिटरभर वेगळंच. फिनिशला तिची अंगठी बोटात रुतलेली असते, घड्याळाचा पट्टा मनगटात घट्ट झालेला असतो, बोटं सुजलेली असतात. आणि भोवतालचे म्हणतात, चक्कर येतेय ना, अजून पाणी पी.

धावण्याच्या ताणात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे जास्तीचं पाणी मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडत नाही. रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असायला हवं. फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते. ही भीती पुस्तकी नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिशला ४८८ धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं आणि तिघांचं थेट १२० किंवा त्याहून कमी. शर्यतीत वजन वाढलेलं असणं आणि चार तासांहून जास्त वेळ लागणं, या दोन्हींचा त्याच्याशी संबंध दिसला. १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही क्रीडा-वैद्यकातली संस्था सांगत होती की घाम जाईल तेवढं सगळं भरून काढा, नाहीतर सोसेल तेवढं जास्तीत जास्त प्या. २००७ मध्ये त्यांनीच ते बदललं: जास्त पिणं टाळा आणि प्रत्येकाने आपल्या घामाच्या हिशोबाने प्यावं. आपल्याकडे जुनाच सल्ला अजून फिरतो आहे.

उपाय सोपा, पण पचायला जड: कमी प्या. तहान लागली की प्या, स्टेशन दिसलं म्हणून नको. हातात बाटली घेतली तरी दोन घोट घेऊन बाकीचं पाणी मानेवर ओता. पहाटेची ‘भरून घेण्याची’ सवय बंद. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं म्हणजे सोडियम पातळ होत नाही, असं नाही. बाजारातल्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला २० मिलिमोलच्या आसपास सोडियम असतं. रक्ताच्या मानाने ते पाणीच. गरजेपेक्षा जास्त प्यायलात तर मिठाची गोळीही वाचवत नाही.

वजन तीन टक्क्यांहून जास्त घटलं असेल

आता दुसरी बाजू. ७० किलोचा माणूस दोन-सव्वादोन किलोंपेक्षा जास्त हलका होऊन परतला, नाडी शेवटच्या तासात त्याच वेगाला दहा-पंधरा ठोक्यांनी वर गेली, तोंड कोरडं पडलं, लघवी गडद आणि थोडी झाली, तर पाणी खरंच कमी पडतंय.

याचा सगळ्यात ठरलेला बळी म्हणजे पुण्या-नाशकाहून मुंबईला येणारा धावपटू. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, तिसऱ्या रविवारी. तयारीचे सगळे लाँग रन नोव्हेंबर-डिसेंबरात, पहाटे पाचला, कोरड्या थंडीत झालेले. तिथे तासाला ७०० मिली घाम येत होता आणि तेवढ्यापुरती पिण्याची सवय लागली होती. मुंबईत जानेवारीतही पहाटेची हवा दमट असते. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. घाम सुकला तरच अंग थंड होतं, गळून गेलेला घाम काही कामाचा नसतो. म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. वर सूर्य चढतो, आणि चार-साडेचार तासांचे धावपटू नेमके शेवटच्या दहा किलोमीटरला उन्हात सापडतात. मग तिसाव्या किलोमीटरच्या पुढे गाडी बसते आणि दरवर्षी निष्कर्ष निघतो की ‘माझी एंड्युरन्स (दमसास) कमी पडते’. एंड्युरन्स ठीक असते. तयारीतलं हवामान आणि शर्यतीचं हवामान यांचा मेळ नसतो.

वरच्याच ७२ किलोच्या धावपटूचा हिशोब पुढे नेऊ. तासाला १.३५ लिटर, साडेचार तास, म्हणजे सहा लिटर घाम. एवढं सगळं पिऊन भरून काढता येत नाही. पळता पळता पोट तासाला ६०० ते ८०० मिलीपेक्षा जास्त सहसा खपवून घेत नाही. ६०० धरलं तरी शेवटी तीन-सव्वातीन लिटरची तूट राहतेच. त्यातून काढता येण्यासारखे रस्ते तीन आहेत. पहिला, वेग. दमट दिवशी किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद सुरुवातीपासून सोडून द्या. तिशीनंतर ते तसेही जाणारच असतात, तेव्हा मात्र व्याजासकट जातात. दुसरा, उष्णतेचा सराव. शर्यतीआधी दहा-चौदा दिवस रोज तासभर उष्ण वेळेला पळालं तर घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं. पुण्यात राहणाऱ्याने शेवटच्या दोन आठवड्यांतले सोपे रन पहाटेऐवजी सकाळी नऊनंतर करावेत. कंटाळवाणं आहे, पण फरक पडतो. तिसरा, पोटाला सवय लावणं. लाँग रनला अजिबात न पिणारा माणूस शर्यतीत तासाला ७०० मिली पिऊ लागला तर पोट बंड करणारच. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

घोट मोजायची एक युक्ती सांगतो. घरी २०० मिलीची बाटली घ्या, पळताना घेता तसेच घोट घ्या आणि किती घोटांत संपते ते बघा. बहुतेकांची सात-आठ घोटांत संपते. मग ‘दर वीस मिनिटांनी सहा घोट’ असा हिशोब बसतो आणि बाटलीवरच्या रेघा बघत पळावं लागत नाही.

पावसाळ्यात हीच चूक वेगळ्या रूपात येते. सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वर घाट चढताना वरून पाऊस पडत असतो, अंग ओलंच असतं, त्यामुळे घाम येतोय हे कळतच नाही. मोजलं तर चढावर घाम बऱ्यापैकी गेलेला असतो. पण हाफच असल्याने सहसा फार बिघडत नाही.

वजन ठीक, तरीही मळमळ

वजन एक-दोन टक्क्यांनीच घटलं आणि तरीही पोट ढवळतं, ही केस मला सगळ्यात जास्त दिसते. इथे किती प्यायलात यापेक्षा काय प्यायलात हे बघा. जवळजवळ नेहमीच मिश्रण जास्त घट्ट झालेलं असतं.

पहिली तपासणी ओआरएसची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २१ ग्रॅमच्या आसपासचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. धावपटू ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, कारण बेल्टमध्ये तीच बसते. झालं दुप्पट घट्ट. ते आतड्यात गेल्यावर पाणी शोषलं जाण्याऐवजी उलट आत ओढलं जातं, आणि मग मळमळ, मुरडा, झाडीत पळणं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला आणि त्यातलं बाटलीत भरा. छोट्या बाटलीचा हिशोब हवा असेल तर २०० मिली पाण्यासाठीचं छोटं पाकीट मिळतं, ते घ्या. आणि हे ध्यानात असू द्या की ओआरएस हगवणीसाठी बनवलेलं आहे. त्यात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, पण साखर फक्त साडेतेरा ग्रॅम. मिठासाठी उत्तम, ताकदीसाठी पुरेसं नाही.

टेट्रापॅकमधल्या गोड पेयांचा घोळ वेगळा. नावात ओआरएस असलेली बरीच पेयं या सूत्राच्या जवळपासही नव्हती, त्यांत साखर कितीतरी जास्त होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात आणि लेबलवर तो शब्द वापरायला मनाई केली. तरी घरात जुना साठा असेल तर मागची बाजू वाचा.

दुसरी तपासणी जेलची, म्हणजे पळताना ताकदीसाठी खायच्या घट्ट गोड पाकिटांची. एका जेलमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम साखर असते आणि ती पातळ करायला साधं पाणी लागतं. जेल खाऊन वर स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं की पोटात पाक तयार होतो. नियम एकच: जेलसोबत पाणी, स्पोर्ट्स ड्रिंकसोबत काहीच नाही. शर्यतीत कोणत्या स्टेशनवर काय मिळणार याचा तक्ता आयोजक आधी देतात, तो बघून जेल कुठे खायचं ते ठरवा. कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. शेवटच्या पाच किलोमीटरला दोन घोट ठीक, त्याआधी नको.

घरी करायचं असेल तर एक लिटर पाणी, साठ ग्रॅमपर्यंत साखर, पाव चमचा मीठ आणि चवीला लिंबू. पाव चमचा मिठात ५००-६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. ज्यांच्या टोपीवर नि काळ्या टी-शर्टवर धावून आल्यावर पांढरे पट्टे उमटतात, डोळ्यांत घाम गेला की चुरचुरतं, त्यांनी मीठ अर्ध्या चमच्याच्या जवळ न्यावं. सैंधव घातलं म्हणून वेगळं काही होत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. कोकम सरबत चालतं, फक्त दुकानातलं आगळ (कोकमाचा घट्ट रस) आधीच खारट असतं, ते चाखून मग मीठ घाला. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम बेताचंच. घामातून जातं मुख्यतः सोडियम. म्हणून नारळपाणी धावून आल्यावर मजेत प्या, धावताना त्याच्यावर विसंबू नका. ताकाचंही तेच, शिवाय ते पळताना पोटात हिंदकळतं.

पायात गोळे येतात ते मिठामुळे का?

बहुधा नाही. पाणी-मीठ नीट असणाऱ्यांनाही शर्यतीत गोळे येतात. थकलेल्या स्नायूची नसांकडून होणारी गडबड हे कारण जास्त पटणारं आहे. त्याच एका पोटरीला दरवेळी गोळा येत असेल तर मीठ सोडा आणि वेग, चढाचा सराव आणि ताकदीचे व्यायाम बघा. येईल तेव्हा थांबून ताणा. गोळे अख्ख्या अंगभर यायला लागले तर तो वेगळा मामला, वैद्यकीय तंबूत जा.

एक सवय आजच सोडा

शर्यतीआधी ‘गुडघ्यासाठी’ म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, तेही नेमका घामाने पाणी घटलेलं असताना, आणि शरीरात पाणी साचायलाही हातभार लावतात. पाणी कमी पडलं तरी नुकसान, जास्त झालं तरी नुकसान. धावून आल्यावर डोकं ठणकतं म्हणून लगेच घेणंही तितकंच वाईट. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारं औषध चालू असेल, मधुमेह असेल, मूत्रपिंडाचा काही इतिहास असेल तर हा सगळा हिशोब आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरा. साठीच्या पुढे तहान उशिरा लागते, तिथे नुसत्या तहानेवर न जाता ठरलेले घोट बरे.

शर्यतीचा दिवस

आदल्या दिवशी नेहमीसारखं पाणी, जेवणात नेहमीचं मीठ, लोणचं-पापड असला तर चांगलंच. पहाटे दोन तास आधी ३०० ते ४०० मिली, त्यानंतर फक्त चार घोट. नेहमीचा चहा-कॉफी घ्या. सवयीच्या चहाने पाणी कमी होत नाही, उलट न घेतल्याचीच डोकेदुखी होते, आणि ती मग पाण्याच्या माथी मारली जाते. पळताना ग्लास मिळाला तर वरून चिमटा काढून चोच करा, निम्मं पाणी नाकात जाणार नाही. डोक्यावर पाणी ओतताना थोडं पुढे वाका, नाहीतर बूट भिजतात आणि फोडांची वेगळी पोस्ट लिहावी लागते.

पळून झाल्यावर घाई नको. एक किलो घटलं असेल तर सवा ते दीड लिटर, पण ते दुपारपर्यंत, जेवणासोबत, सावकाश. मीठ असलेलं जेवण पोटात गेलं की प्यायलेलं पाणी शरीरात टिकतं.

इथे घरगुती उपाय थांबवा

धावपटू असंबद्ध बोलतोय, कुठे आहे ते सांगता येत नाही, अंग तापलंय: हा उष्माघात धरा. लगेच सावलीत घ्या, मिळेल तेवढा बर्फ आणि पाणी अंगावर, मदत बोलवा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच चाललीय, हात-चेहरा सुजलाय, भरपूर पिऊनही लघवी झालेली नाही आणि वजन वाढलंय: पाणी बंद, सरळ रुग्णालय. तिथे ‘थकलाय, एक सलाइन लावा’ असा आग्रह धरू नका. मॅरेथॉन पळून आलाय आणि साधारण एवढे लिटर पाणी प्यायलाय हे सांगा, आणि आधी रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. सोडियम खाली असताना साधं सलाइन वेगाने दिलं तर बिघडू शकतं.

लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली आणि स्नायू प्रचंड दुखतायत, तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी नुसतीच झगझगीत पिवळी असेल आणि सकाळी बी-कॉम्प्लेक्स घेतली असेल, तर त्या रंगावरून काहीच ठरवू नका. त्या दिवशी काट्यावरचा आकडाच काय तो खरा.